मोटर पाच एचपीची, काम पावणेदोन एचपीचं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नगर जिल्ह्यातले एक शेतकरी लिहितात की, थोरल्या भावासोबत त्यांची चार एकर एकत्र शेती आहे. अठरा फूट व्यासाची विहीर, तिच्यात पाच एचपीची पाण्यातली मोटर. मोटर जुनी, दोनदा वाइंडिंग झालेली. कांद्याला पाणी पुरत नाही म्हणून थोरले बंधू साडेसात एचपीची मोटर घ्यायला निघालेत. दुकानदाराचंही तेच म्हणणं, ‘पाणी दाबून येईल.’ मुलगी नववीत आहे. शाळेत ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा झाल्यावर तिने विहिरीवर जाऊन हिशोब मांडला. पाणी चाळीस फुटांवर, हौद विहिरीच्या काठापासून वीस फूट वर, म्हणजे एकूण साठ फूट, साधारण १८ मीटर. हजार लिटरची टाकी १४० सेकंदांत भरते. उत्तर आलं १२६० वॅट, जेमतेम पावणेदोन अश्वशक्ती. ‘मग पाच एचपी कशाला? दोन पुरे,’ असं ती जेवताना बोलली आणि वादाला तोंड फुटलं. काका म्हणाले, मोटर पन्नास फुटांवर सोडलीय, हिने चाळीसच धरले, हिशोबच चुकलाय. शाळेत सर म्हणाले, परीक्षेत कार्यक्षमता दिली नसेल तर शंभर टक्के धरायची, घरची मोटर मध्ये आणू नकोस. आता मुलगी म्हणते, पुस्तकातलं विज्ञान पुस्तकापुरतंच. ‘मुलीचं ऐकू की दुकानदाराचं? आणि बाकीची सव्वातीन एचपी गेली कुठे? आम्हाला मोटर फसवून दिली का?’

नमस्कार.

तुमच्या मुलीचा हिशोब बरोबर आहे. हे आधी तिला सांगा, पुढचं मग वाचा. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. ते १८ मीटर वर उचलायला १००० × ९.८ × १८, म्हणजे १,७६,४०० ज्यूल कार्य होतं. ते १४० सेकंदांत झालं, म्हणून शक्ती १२६० वॅट. कागदावर यात बोट ठेवायला जागा नाही. शिवाय नववीतली मुलगी दोरी आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन विहिरीवर जाते, हे मला त्या उत्तरापेक्षाही मोलाचं वाटतं.

काकांचा आक्षेप मात्र झटकून टाकू नका. त्यांच्यासारखं पुष्कळांना वाटतं. मोटर पन्नास फुटांवर लटकलेली असली तरी पाणी पन्नास फुटांवरून उचलावं लागत नाही. मोटरीच्या डोक्यावर दहा फूट पाणी उभं आहे आणि ते खालून दाब देतंच. त्यामुळे उंची धरायची ती पाण्याच्या पातळीपासून, पाइपचं तोंड जिथे हौदात मोकळं होतं तिथपर्यंत. मुलीने तसंच केलं आहे.

पण काकांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी दडलेली आहे. मोटर चालू झाल्यावर पातळी जागची राहत नाही. तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की, तीन तासांत मोटर हवा ओढायला लागते. म्हणजे सकाळी चाळीस फुटांवर असलेलं पाणी तेव्हा पन्नास फुटांच्या आसपास पोचलेलं असणार. मुलीने मोजलं ते पहिल्या टाकीला. शेवटच्या टाकीला उंची २१ मीटर झालेली असते, टाकी भरायला वेळही जास्त लागतो आणि हिशोब बदलतो. तेव्हा काका आणि पुतणी दोघांनी मिळून पुन्हा मोजा: सुरुवातीला, तासाभराने आणि हवा ओढायच्या आधी. दोरीत फूटभर चूक झाली तर साठ फुटांत ती दोन टक्क्यांहून कमी भरते. १४० सेकंदांत दहा सेकंद इकडेतिकडे झाले तर सात टक्के चूक होते. म्हणून जास्त लक्ष घड्याळाकडे द्या, आणि जमलं तर हजार लिटरच्या टाकीऐवजी अख्खा हौद भरून वेळ धरा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, बाकीची सव्वातीन एचपी गेली कुठे. तुम्ही पाचातून पावणेदोन वजा केलेत, आणि घोडं पेंड खातंय ते इथेच. मोटरीच्या पाटीवर ‘५ एचपी / ३.७ किलोवॅट’ असं लिहिलेलं असतं. मोटर तारेतून किती वीज घेते, हे तो आकडा सांगत नाही, आणि पाण्याला किती शक्ती मिळते हेही सांगत नाही. पूर्ण भार आला तर मोटर आपल्या दांड्यावर किती शक्ती देऊ शकेल, एवढंच त्यात आहे. आत्ता किती देते आहे, हे पाटी बघून कुणालाही कळणार नाही. कार्यक्षमता काढायची तर खाली भागायला पाटीवरचा आकडा चालत नाही, मीटरवरचा लागतो.

तुमच्या जोडणीला मीटर आहे, असं तुम्ही लिहिलंय. पुष्कळांकडे नसतो आणि तिथे हा तपास अवघड होतो. तुम्ही नशीबवान आहात. मोटर अखंड तासभर चालवा आणि आधी-नंतरचं रीडिंग टिपा. जेवढी युनिटं फिरली तेवढे किलोवॅट मोटर ओढते. घाई असेल तर मीटरवरचा लाल दिवा मोजा. किती वेळा लुकलुकला की एक युनिट, हे मीटरवरच छापलेलं असतं. समजा तिथे १२०० लिहिलंय आणि दिवा मिनिटाला ८२ वेळा लुकलुकला, तर तासाला ४९२० वेळा, म्हणजे ४.१ युनिट. स्टार्टरची पेटी उघडून मुलीने काही मोजायचं नाही, एवढं पाळा. अँपिअर पाहायचे असतील तर वायरमनला टंग टेस्टर घेऊन बोलवा.

तुमच्या मीटरवर काय येईल ते मला माहीत नाही, पण जुन्या पाच एचपी मोटरीला ४.१ किलोवॅट हा आकडा शोभतो. तो धरून पुढचा हिशोब मांडतो. तुमचा आला की बदलून घ्या. पाण्याला मिळाले १२६० वॅट, मोटरीने घेतले ४१०० वॅट. भागाकार केला तर जवळजवळ ३१ टक्के. म्हणजे शंभरातले एकोणसत्तर वाटेत सांडतात. कुठे सांडतात ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा मोटर. वीज आत गेली की तांबं तापतं, लोखंड तापतं, बेअरिंगमध्ये घासतं. बरी मोटर शंभरातले ऐंशी पुढे देते. दोनदा वाइंडिंग झालेली कदाचित त्याहून कमी देईल, पण ऐंशी धरू. ४१०० मधले ३२८० वॅट दांड्यावर पोचले. दुसरा टप्पा पंप. दांड्यावर इंपेलर, म्हणजे पात्यांची चकती, फिरतो आणि पाण्याला ढकलतो. गाळाने, वाळूने इंपेलर झिजला असेल, मधली फट वाढली असेल, तर पाणी पुढे जाण्याऐवजी आतल्या आत गोल फिरत राहतं. इथे निम्मंच पुढे गेलं असं धरू, १६४० वॅट. तिसरा टप्पा पाइप, आणि त्याकडे सहसा कुणी बघत नाही. सेकंदाला सात लिटरच्या वर पाणी अडीच इंची पाइपातून साधारण पंचावन्न मीटर जाताना भिंतींना घासतं, बेंडमध्ये आपटतं, एनआरव्हीच्या, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणाऱ्या, झडपेतून वाट काढतं. या घासण्याला उंचीच्या भाषेत मांडायची पद्धत आहे. तुमच्या पाइपात ते साडेपाच मीटरच्या आसपास भरतं. म्हणजे पंपाच्या दृष्टीने हौद १८ मीटरवर नाही, साडेतेवीस मीटरवर आहे. १८ भागिले साडेतेवीस, सुमारे ७७ टक्के.

आता ०.८० × ०.५० × ०.७७ करा. ०.३१ येतं. हा गुणाकार मुलीकडून करून घ्या. शाळेत कार्यक्षमता एकाच यंत्राची विचारतात, शेतावर मात्र साखळी असते. साखळीतल्या कड्या आपापल्या परीने बऱ्या असल्या तरी गुणाकाराअंती ३१ उरतात. तुम्हाला मोटर फसवून दिली, असं यातून निघत नाही. मोटर तिच्या परीने काम करते आहे. पंप झिजला आहे आणि पाइप अरुंद आहे.

पाइपवर जरा जास्त बोलतो, कारण तुमचा पैसा तिथेच वाचणार आहे. पाणी तेवढंच ठेवून पाइपचा व्यास वाढवला तर घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात कमी होतं. अडीच इंचीचा तीन इंची केला, म्हणजे व्यास १.२ पट. १.२ चा पाचवा घात जवळजवळ अडीच. घर्षण साडेपाच मीटरवरून २.२ मीटरवर येतं. मोटर तीच, पंप तोच, फक्त पाइप बदलला आणि पंपावरचा भार साधारण चौदा टक्क्यांनी उतरला.

उलट, आहे त्याच पाइपावर साडेसात एचपीची मोटर बसवली तर? घर्षण पाण्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतं. पाणी दीडपट ढकललं तर घर्षण सव्वादोन पट, म्हणजे साडेबारा मीटरच्या घरात. ते पाणीही दीडपट असल्यामुळे घर्षणात जळणारी शक्ती जवळपास साडेतीन पट होते. दुकानदार म्हणतो तसं पाणी दाबून येईल, यात खोटं नाही. पण त्या दाबातला मोठा वाटा पाइपच्या भिंती खाणार, आणि ते दुकानदार सांगत नाही, कारण तुम्ही त्याला पाइपविषयी विचारलंच नाही.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या गृहीतावर मला खरं बोलायचं आहे, तिथे येतो. कांद्याला पाणी कमी पडतं म्हणून मोठी मोटर, असं घरात सगळ्यांनी धरलं आहे. तुम्ही, भाऊ, दुकानदार आणि एका अर्थी मुलगीसुद्धा. तिनेही वाद एचपीवरच घातला. पण पाणी कमी पडतंय ते मोटरीमुळे का?

सेकंदाला ७.१४ लिटर म्हणजे तासाला २५,७०० लिटर. तीन तासांत ७७ हजार लिटर. मग विहीर तळाला जाते. तुमच्याकडे थ्री फेज लाइट आठ तास असते, असं तुम्ही लिहिता. म्हणजे आठांतले पाच तास मोटर बंद, आणि ती कमी पडते म्हणून नव्हे, ओढायला पाणीच नाही म्हणून. अठरा फुटी विहिरीचं क्षेत्रफळ काढा, २४ चौरस मीटरच्या आत येतं. पातळी तीन मीटर खाली गेली, म्हणजे ७० हजार लिटरच्या वर साठा उपसला, आणि तेवढ्या वेळात झऱ्यांनी आणखी थोडं भरलं. दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात, म्हणजे मुलीचं मोजमापही विश्वासाचं आहे. साडेसात एचपीची मोटर हेच ७७ हजार लिटर दोन तासांत काढेल. ८० हजार होणार नाहीत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

इथे कार्य आणि शक्ती यांतला फरक कामाला येतो. तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं तर कार्य तेवढंच राहतं, मोटर दोन एचपीची लावा की दहाची. शक्ती फक्त किती वेळात ते सांगते. ज्याला वेळ कमी आहे त्याने शक्ती विकत घ्यावी. तुमच्याकडे वेळ उरतो आहे आणि पाणी संपतं आहे. तुमचा दुष्काळ एचपीचा नाही. खरा उपाय शोधायचा तर तो पाटातून मुरणाऱ्या पाण्यात, कांद्याला ठिबक किंवा तुषार लावण्यात आणि विहिरीतला गाळ काढण्यात आहे. मोटरीच्या दुकानात तो मिळणार नाही.

बिलाचा मुद्दा मी मुद्दाम काढलेला नाही. राज्यात २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे, त्यामुळे ‘साडेसात घेतली तरी बिल शून्यच’ हे तुमच्या भावाचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे. वीज वाचवा, देश वाचवा असं भाषण त्यांच्यापुढे करून काही साधणार नाही. पण मंजूर भार पाच एचपीचा असताना साडेसातची मोटर चालवायची तर महावितरणकडून भार वाढवून घ्यावा लागतो. स्टार्टर बदलावा लागतो, केबल तपासावी लागते. आणि एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्यांनीच मोटरी वाढवल्या की व्होल्टेज पडतं, मोटरी जास्त अँपिअर ओढतात आणि वाइंडिंग जळतं. तुमची दोनदा जळली, ती कशाने, हे भावाला एकदा विचाराच.

आता मुलीच्या ‘दोन एचपी पुरे’कडे वळू. इथे ती घसरली, आणि कुठे घसरली हे तिला कळायला हवं. तिचे १२६० वॅट म्हणजे हौदात पोचलेल्या पाण्याला मिळालेली शक्ती. तेवढी हौदाशी मिळावी म्हणून दांड्यावर त्याहून बरीच जास्त द्यावी लागते. पाइपचं घर्षण धरून, आणि पंप नवा, ६५ टक्क्यांचा मानला तरी दांड्यावर अडीच किलोवॅट लागतात, म्हणजे जवळपास साडेतीन एचपी. दोन एचपीची मोटर एवढं पाणी देणार नाही. पण एवढ्या वेगाने पाणी हवंच आहे का? सेकंदाला साडेपाच लिटर चालत असेल, तर तीन इंची पाइपात घर्षण सव्वा मीटरच्या आसपास राहतं. सरासरी पातळी धरून एकूण उंची २१ मीटर होते, आणि ६० टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला दांड्यावर १.९ किलोवॅट पुरतात. तीन एचपीची मोटर २.२ किलोवॅटची असते, म्हणजे थोडी जागा राखूनच. ती तुमची विहीर तीन तासांऐवजी चार तासांत उपसेल, आणि लाइट आठ तास आहे. सध्या रोज बारा-साडेबारा युनिटं लागतात, ती नऊ-सव्वानऊवर येतील. साडेसात म्हणणाऱ्या दुकानदारापेक्षा दोन म्हणणारी तुमची मुलगी खऱ्या उत्तराच्या कितीतरी जवळ होती.

म्हणून आज तीन एचपी विकत आणा, असं मात्र मी म्हणत नाही. चालू मोटर काढून टाकायची घाई नको. माझा क्रम असा राहील: आधी मोजमाप, मग पंप वर काढून जाळी आणि इंपेलर तपासणं, मग पाइप. एवढं करूनही समाधान झालं नाही, किंवा मोटर पुन्हा जळली, तरच नवी. आणि नवी घ्यायला गेलात तर दुकानात ‘किती एचपी’ने सुरुवात करू नका. ‘२१ मीटरला सेकंदाला साडेपाच लिटर देणारा पंप दाखवा,’ असं म्हणा आणि हेड-डिस्चार्जचा, म्हणजे किती उंचीला किती पाणी मिळतं त्याचा, तक्ता मागा. प्रत्येक पंप एका ठरावीक उंचीला सगळ्यात चांगला चालतो. ‘असू द्या, जास्तीचा बरा’ म्हणून चाळीस मीटरचा पंप वीस मीटरवर लावला की त्याची कार्यक्षमता तिथेच ढासळते. पाटीवर हेड, डिस्चार्ज आणि एकूण कार्यक्षमता असते, तीही वाचा. वीजबचत दाखवणारे बीईईचे (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) तारे शेतीपंपांनाही असतात. तक्ता दाखवायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडून घेऊ नका.

हा हिशोब काही मी नव्याने शोधलेला नाही. पाणी उपसण्यातूनच तो जन्माला आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या खाणींतलं पाणी काढायला जेम्स वॉट आणि त्यांचा भागीदार बोल्टन वाफेची इंजिनं बसवून देत. जुन्या न्यूकॉमेन इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा ते मोबदला म्हणून घेत. मिनिटाला ३३,००० पौंड एक फूट उचलणं म्हणजे एक अश्वशक्ती, हे मापही वॉट यांनीच गिऱ्हाइकांना समजावं म्हणून बसवलं. खाणवाले मात्र एचपीपेक्षा वेगळाच आकडा जपत: एक बुशेल (कोळसा मोजायचं तिकडचं जुनं माप) कोळशात किती पौंड पाणी एक फूट वर आलं. १८११ पासून तर प्रत्येक इंजिनाचा हा आकडा दर महिन्याला छापून येऊ लागला, आणि कुणाचं इंजिन सरस यावर चुरस लागली.

तुम्हीही तेच करा, ‘युनिटमागे लिटर’ काढा. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. काहीच वाया न जाता त्यात १८ मीटरवर २०,४०० लिटर पाणी चढलं असतं. वरच्या हिशोबाने तुमच्याकडे ६,२०० च्या आसपास चढतंय. हा आकडा मोटरीच्या खोलीत खडूने लिहून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी मुलीला पुन्हा काढायला सांगा. खाली घसरायला लागला की पंप झिजतोय, जाळी तुंबलीय किंवा पाइप कुठेतरी गळतोय. मोटर जळायच्या आधी तुम्हाला कळेल.

हौदाऐवजी थेट ठिबकला किंवा तुषारला पाणी देणारे वाचकही हाच हिशोब करू शकतात, फक्त उंचीत दाब मिळवायचा. एक किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब म्हणजे दहा मीटर. ठिबकला साधारण एक किलो लागतो, तुषारला दोन ते अडीच. शहरातल्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीलाही वेगळं काही नाही. तिथे बिल मात्र शून्य नसतं. आणि ज्यांना सौर पंप मिळाला आहे, त्यांना पॅनेल देईल तेवढ्यातच भागवायचं असल्यामुळे अरुंद पाइपचा फटका सगळ्यात आधी बसतो.

सरांवर मुलगी नाराज आहे, पण परीक्षेपुरतं सरांचं बरोबर आहे. प्रश्नात कार्यक्षमता दिली नसेल तर पाण्याला मिळालेली शक्ती काढायची आणि थांबायचं. दिली असेल तर मात्र मुलं हमखास एक चूक करतात. पाण्याला १२६० वॅट हवेत आणि कार्यक्षमता ३० टक्के आहे, तर किती वॅट पुरवावे लागतील? पुष्कळजण १२६० ला ०.३० ने गुणतात आणि ३७८ लिहून मोकळे होतात. इथे भागायचं असतं, उत्तर ४२०० येतं. पुरवलेलं नेहमी मिळालेल्यापेक्षा जास्त असतं, एवढं डोक्यात ठेवलं तरी चूक चटकन दिसते. ३७८ वॅट घेऊन १२६० वॅट देणारी मोटर निघाली तर आधी मला कळवा, आपण दोघं मिळून दुकान टाकू. आणि युनिट हे ऊर्जेचं माप, एचपी आणि किलोवॅट ही शक्तीची. ‘मोटरीने पाच एचपी वीज खाल्ली’ असं घरात म्हणतात, उत्तरपत्रिकेत लिहू नये.

राहता राहिला घरातला वाद. भावाला ‘पोरगी बरोबर, तुम्ही चूक’ असं जाऊन सांगू नका. ते खरंही नाही. पातळी बदलते हे त्यांच्याच आक्षेपातून निघालं, आणि घरचा पैसा जपणारा माणूस मोठी वस्तू घ्यायला निघतो तो पाण्याच्या काळजीनेच. त्यांना दोरी धरायला न्या. जो स्वतः मोजतो तो आकड्यावर रुसत नाही, असा माझा अनुभव आहे. मुलीला तुमच्या वडिलांसोबतही एक हिशोब करायला द्या. त्यांनी तरुणपणी मोट हाकली असल्याचं तुम्ही लिहिलंय. मोटेत पाणी किती मावायचं, एक खेप किती वेळात व्हायची, विहिरीला पाणी कितीवर होतं, हे ते सांगू शकतील. समजा दीडशे लिटरची मोट, बारा मीटर खोल पाणी आणि दीड मिनिटाची खेप, तर १९६ वॅट येतात, पाव एचपीच्या थोडं वर. मोटेची धाव उतरती का बांधत, बैलांच्या वजनाची ओढायला मदत कशी होई, हे त्यांनाच विचारायला सांगा. ते मला इथे लिहून नीट समजावता येणार नाही.

मोजमाप झालं की पुढच्या पत्रात एवढं कळवा: तिन्ही वेळची पाण्याची पातळी आणि हौद भरायला लागलेला वेळ, तासाभरात मीटरवर फिरलेली युनिटं, पाइपचा आतला व्यास, त्याची पूर्ण लांबी आणि बेंड किती आहेत. मोटर बंद केल्यावर तासाभरात विहिरीत पाणी किती इंच चढतं, तेही लिहा. तोवर दुकानदाराला बयाणा देऊ नका.